केमो संपल्यानंतरची गोळी

अंडाशयाचा कर्करोग पुढच्या टप्प्यात सापडला असेल, तर केमोथेरपीचा शेवटचा डोस झाला म्हणजे उपचार संपले असे आता सहसा होत नाही. शस्त्रक्रिया होते, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांच्या दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सायकल पार पडतात, स्कॅनमध्ये गाठी दिसेनाशा होतात. मग थोड्याच आठवड्यांत डॉक्टर नवीन चिठ्ठी लिहितात. त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या असतात, किंवा दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यायचे एक औषध असते, कधी दोन्ही. यालाच मेंटेनन्स उपचार म्हणतात. ते एक-दोन महिन्यांचे काम नाही. बरेचदा दोन ते तीन वर्षे चालतात. या काळात बाईचे केस परत आलेले असतात, ती पुन्हा स्वयंपाकघरात किंवा ऑफिसात दिसू लागते, आणि पाहणाऱ्याला ती बरी झालेली वाटते. तिच्या रक्ताचे आकडे, तिची मळमळ आणि तिचा थकवा मात्र वेगळेच काही सांगत असतात.

हे उपचार कशासाठी, हे आधी नीट कळले तर पुढचे सोसणे थोडे सोपे होते. भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाच्या सुमारे ४७ हजार नव्या रुग्णांचा अंदाज होता; भारतीय स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगानंतर त्याचाच क्रमांक लागतो. पोट फुगणे, थोडे खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखे होणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही त्याची लक्षणे इतकी साधी असतात की ती गॅस किंवा वयाच्या नावावर खपून जातात. त्यामुळे निदान होते तेव्हा बहुतेकींचा रोग तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात गेलेला असतो. त्यातही पहिल्या केमोला तो चांगली दाद देतो. खरी अडचण नंतरची आहे. स्कॅनला न दिसणाऱ्या थोड्या पेशी मागे उरतात, आणि पुढच्या टप्प्यातल्या बहुसंख्य रुग्णांत रोग दोन-तीन वर्षांत परततो. परतलेला रोग आटोक्यात ठेवता येतो, पण मुळापासून जाणे दुर्मीळ असते. म्हणून तो परत येणे जितके लांबवता येईल तितके लांबवायचे, आणि काही जणींच्या बाबतीत येऊच द्यायचे नाही, हा मेंटेनन्सचा उद्देश आहे.

या कामासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी औषधे म्हणजे पार्प इनहिबिटर. ओलापॅरिब, निरापॅरिब आणि रुकापॅरिब ही त्यांतली मुख्य नावे. प्रत्येक पेशीतल्या डीएनएला रोज लहानमोठ्या चिरा पडत असतात आणि पेशी त्या दुरुस्त करत असते. लहान चिरा सांधणाऱ्या यंत्रणेत पार्प नावाचे एक विकर काम करते. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर मात्र वेगळी, जास्त अचूक यंत्रणा लागते, आणि तिच्यासाठी बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके शाबूत असावी लागतात. अंडाशयाच्या अनेक कर्करोगांत नेमकी हीच दुसरी यंत्रणा बिघडलेली असते. अशा पेशीचे पार्पही औषधाने अडवले, की तिच्यापुढे दुरुस्तीची वाट उरत नाही आणि ती मरते. निरोगी पेशीची दुसरी यंत्रणा चालू असल्याने ती बऱ्याच अंशी वाचते. अस्थिमज्जेतल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मात्र या औषधाची झळ बसतेच. रक्ताच्या तक्रारी त्यातूनच येतात.

ही कल्पना २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एकाच वेळी आलेल्या दोन शोधनिबंधांतून पुढे आली. ओलापॅरिबला अमेरिकेत पहिली मान्यता डिसेंबर २०१४ मध्ये मिळाली, तीही अनेक उपचार होऊन गेलेल्या रुग्णांपुरती. पहिल्याच केमोनंतर ते द्यावे का, याचे उत्तर २०१८ मध्ये ‘सोलो-१’ या चाचणीने दिले. बीआरसीए जनुकांत बिघाड असलेल्या ३९१ स्त्रियांपैकी काहींना दोन वर्षे ओलापॅरिब आणि बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. पाच वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ४८ टक्के स्त्रियांचा रोग परतलेला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. सात वर्षांनी पहिल्या गटातल्या ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या सुमारे ४७ टक्के. या रोगाच्या इतिहासात इतका मोठा फरक क्वचितच दिसला होता, आणि तोही गोळ्या दोन वर्षांनी थांबवल्यानंतर टिकून राहिलेला.

पण हा फायदा सगळ्यांना सारखा मिळत नाही, आणि हे रुग्णाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. बीआरसीएमध्ये बिघाड असेल तर फायदा सर्वांत मोठा असतो. ही जनुके ठीक असली तरी दुरुस्तीची यंत्रणा इतर कारणांनी कमजोर असू शकते. त्याला एचआरडी पॉझिटिव्ह म्हणतात, आणि तिथेही फायदा चांगला असतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यातल्या जवळपास निम्म्या गाठी या दोन गटांत मोडतात. उरलेल्यांत फायदा बेताचा असतो. निरापॅरिबच्या ‘प्रिमा’ या चाचणीत ७३३ स्त्रिया होत्या. त्यांपैकी दुरुस्ती यंत्रणा शाबूत असलेल्या गटात रोग परतण्याचा मध्य काळ ५.४ महिन्यांवरून ८.१ महिन्यांवर गेला. संपूर्ण चाचणीचा विचार करता एकूण आयुर्मान वाढल्याचे २०२४ मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षांत दिसले नाही. अशा गटातल्या बाईने डॉक्टरांशी बोलून गोळी न घेता नुसत्या तपासण्यांवर राहायचे ठरवले, तर तो हलगर्जीपणा नव्हे. तो समजून घेतलेला निर्णय असतो.

म्हणूनच तपासणी आधी आणि गोळी नंतर. आईवडिलांकडून आलेला बिघाड रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यात सापडतो. फक्त गाठीत असलेला बिघाड आणि एचआरडी यांसाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा मेणातला ब्लॉक लागतो. तो पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो. दुसऱ्या गावी उपचार घ्यायचे असतील तर अहवालांबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्याव्या लागतात. निकालाला काही आठवडे लागू शकतात आणि मेंटेनन्स साधारणपणे शेवटच्या केमोनंतर आठ ते बारा आठवड्यांच्या आत सुरू करतात. त्यामुळे ही तपासणी केमो चालू असतानाच करून ठेवलेली बरी.

रक्ताच्या तपासणीत बिघाड सापडला, की प्रश्न एका व्यक्तीपुरता राहत नाही. तो बिघाड प्रत्येक मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. पुष्कळ घरांत हा विषय फक्त मुलींपुरता समजला जातो, आणि त्यांच्या लग्नाच्या काळजीने तो दाबलाही जातो. प्रत्यक्षात मुलगे आणि भाऊही तो बिघाड वाहून नेतात आणि पुढच्या पिढीला देतात. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रीला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास असते. मुलेबाळे झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या तर ती खूपच कमी होते. बहिणीला ही माहिती वेळेवर मिळाली तर तिचा जीव वाचू शकतो. कुणाला, कधी आणि कसे सांगायचे, हे ठरवायला जनुकीय समुपदेशकाची मदत होते. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि त्याचे खारघरमधले केंद्र यांसारख्या ठिकाणी ती सोय आहे.

दुसऱ्या प्रकारचे मेंटेनन्स औषध म्हणजे बेव्हॅसिझुमॅब. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होऊ नयेत, हे त्याचे काम. ते केमोबरोबरच सुरू होते आणि नंतर दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, एकूण साधारण वर्ष-सव्वा वर्ष दिले जाते. रोग मोठा असलेल्या, पोटात पाणी झालेल्या रुग्णांत त्याचा उपयोग जास्त दिसतो. एचआरडी पॉझिटिव्ह रुग्णांना ते ओलापॅरिबबरोबरही देतात. या औषधावर रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, जखमा उशिरा भरतात. क्वचित आतड्याला छिद्र पडण्यासारखा गंभीर प्रसंग येतो, म्हणून पोटात अचानक जोराची कळ आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. दात काढायचा असला तरी दंतवैद्याला या औषधाबद्दल आधी सांगावे.

गोळी सुरू होते तेव्हा पहिली भेट होते ती मळमळीशी. सोलो-१ मध्ये ओलापॅरिब घेणाऱ्या चारांपैकी तीन स्त्रियांना ती झाली. बहुतेकींत ती सौम्य होती, आणि दोन-तीन महिन्यांत ती बऱ्यापैकी ओसरते. पण हे पहिले दोन-तीन महिनेच निर्णायक ठरतात, कारण याच काळात गोळी गुपचूप टाळण्याचा मोह होतो. ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी गोळी औषधाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर फरक पडतो. मात्र तिने बद्धकोष्ठ होते, त्याचीही सोय बघावी लागते. निरापॅरिब दिवसातून एकदाच घ्यायचे असल्याने रात्री झोपताना घेतले तर मळमळीचा बराचसा वेळ झोपेत निघून जातो. काहींची त्याने झोपच उडते. मग वेळ बदलून पाहावी लागते. ओलापॅरिब सकाळ-संध्याकाळ घ्यायचे असते. थोडे खाऊन घेतलेले सोसते: दोन घास मऊ भात, ज्वारीच्या लाह्या, टोस्ट, जे जाईल ते. फोडणीचा वास नकोसा होतो त्या दिवसांत स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा, हे घरच्यांना सांगावे लागले तरी सांगावे. गोळी घेतल्यावर उलटी झाली किंवा एखादी वेळ चुकली, तर ती भरून काढायची नाही. पुढची गोळी तिच्या ठरल्या वेळेला घ्यायची. उलट्या थांबतच नसतील, पोट फुगत असेल आणि शौच किंवा वारा सरत नसेल, तर त्याचे खापर गोळीवर फोडून घरी बसू नये. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात आतडे अडकलेले असू शकते.

थकवा ही दुसरी मोठी तक्रार, आणि घरच्यांना सर्वांत कमी समजणारी. तो झोपून जात नाही. दुपारी दोन तास आडवे होऊनही बाई उठते ती तशीच. आश्चर्य वाटेल, पण अशा थकव्यावर ज्या उपायाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो व्यायाम आहे. व्यायाम म्हणजे इथे सोसायटीच्या आवारात दहा मिनिटांचे चालणे, दर आठवड्याला थोडे वाढवत नेलेले. कामे दिवसभर पसरायची, महत्त्वाचे काम जेव्हा अंगात सर्वांत जास्त जोर असतो त्या वेळेला ठेवायचे, उरलेले दुसऱ्यावर सोपवायचे. थकवा एकदम वाढला, जिना चढताना धाप लागू लागली किंवा छाती धडधडू लागली तर हिमोग्लोबिन तपासायला हवे.

कारण या गोळ्यांचा खरा परिणाम दिसतो तो रक्तात. सोलो-१ मध्ये पाचातल्या एकीपेक्षा जास्त स्त्रियांना तीव्र रक्तक्षय झाला. आपल्याकडे रक्त कमी झाले म्हटले की घरात बीट, डाळिंब, खजूर, गूळ यांचा मारा सुरू होतो आणि औषधांच्या दुकानातून लोहाचे टॉनिक येते. पौष्टिक खाण्याला हरकत नाही, पण इथे रक्तक्षयाचे कारण लोहाची कमतरता नसते. अस्थिमज्जेचा वेग औषधाने मंदावलेला असतो. तपासणीत लोह, बी-१२ किंवा फोलेट खरोखर कमी निघाले तर ते जरूर द्यावे. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नवीन नाही. ते सगळे ठीक असेल तर उपाय एकच: गोळी काही दिवस थांबवणे, रक्त सुधारू देणे, आणि कमी डोसवर पुन्हा सुरू करणे. हिमोग्लोबिन फारच घसरले तर रक्त चढवावे लागते. आठवडाभर बीट खाऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या बायका असतात. त्यात त्यांचा काहीही दोष नसतो.

निरापॅरिबमध्ये प्लेटलेट आधी घसरतात, तेही पहिल्याच महिन्यात. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला रक्त तपासतात, नंतर वर्षभर महिन्यातून एकदा. हिरड्यांतून रक्त येणे, कुठे आपटल्याचे आठवत नसताना काळेनिळे डाग पडणे, पायांवर बारीक लाल ठिपके उठणे ही लक्षणे दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. डोके किंवा कंबर दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने घेऊ नये. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ अंश फॅरनहाइटच्या पुढे ताप गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे असते.

डोस कमी करण्याविषयी एक गैरसमज फार खोल आहे. डॉक्टरांनी ओलापॅरिब ३०० मिलिग्रॅमवरून २५० किंवा २०० वर आणले, की औषध लागू पडले नाही किंवा आपणच कमी पडलो, असे अनेकींना वाटते. मग डोस कमी होऊ नये म्हणून त्रास लपवला जातो. सोलो-१ मध्ये औषध घेणाऱ्या निम्म्याहून अधिक स्त्रियांची गोळी कधी ना कधी थांबवावी लागली होती आणि चौथाईहून अधिक जणींचा डोस कमी करावा लागला होता. चाचणीचे ते उत्तम आकडे या सगळ्यांना धरूनच आलेले आहेत. निरापॅरिबची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पहिल्या मोठ्या चाचणीत सर्वांना ३०० मिलिग्रॅम दिले गेले आणि सुमारे एक तृतीयांश स्त्रियांचे प्लेटलेट गंभीर पातळीपर्यंत घसरले. नंतर लक्षात आले की वजन ७७ किलोपेक्षा कमी किंवा प्लेटलेट दीड लाखांहून कमी असतील तर २०० मिलिग्रॅमने सुरुवात करणेच योग्य. भारतातल्या बहुतेक स्त्रिया या मर्यादेत बसतात. सोसवेल असा डोस दोन वर्षे घेणे हे न सोसणारा डोस चार महिन्यांत सोडून देण्यापेक्षा केव्हाही चांगले. मात्र डोस ठरवायचा डॉक्टरांनी. दुकानात १५० च्या गोळ्या नाहीत म्हणून १०० च्या घेऊन आपणच बेरीज जमवायची नाही.

निरापॅरिबने रक्तदाब वाढू शकतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला आणि मग वर्षभर दर महिन्याला तो मोजायचा असतो. घरी एक डिजिटल यंत्र आणि त्याशेजारी वही ठेवली, की तारीख, आकडा आणि त्या दिवसाची तक्रार एकाच ओळीत बसते. पाच मिनिटांच्या फॉलोअपमध्ये ही वहीच सर्वांत जास्त बोलते.

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन थोडे वाढलेले दिसले की घरात मूत्रपिंड निकामी होत असल्याची धास्ती पसरते. ओलापॅरिब आणि रुकापॅरिब मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतात, त्यामुळे मूत्रपिंडाला इजा न होताही हा आकडा चढतो. तो डॉक्टरांना दाखवावाच, खरी इजा नाही ना हे वेगळ्या तपासणीने पाहता येते. पण दुसऱ्याच डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी परस्पर बंद करू नये. रुकापॅरिब घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते, हेही इथेच नोंदवायला हवे. हातापायांची बोटे बधिर असणे, ब्लाउजचे हुक लावता न येणे, पायातून चप्पल कधी निसटली ते न कळणे, हे बहुधा गोळीमुळे नसून आधीच्या पॅक्लिटॅक्सेलचा मागे राहिलेला परिणाम असतो.

कमी आढळणारा पण गंभीर असा एक धोका अस्थिमज्जेचा आहे. पहिल्या केमोनंतर पार्प औषध घेणाऱ्यांपैकी शंभरात साधारण एक-दोघींना पुढे रक्ताचा गंभीर विकार किंवा रक्ताचा कर्करोग होतो. अनेक केमो होऊन गेलेल्यांत हे प्रमाण वाढते. परतलेल्या रोगावरच्या ‘सोलो-२’ चाचणीत दीर्घकाळाने ते ८ टक्के निघाले, आणि गोळी न घेतलेल्यांतही ४ टक्के होते. गोळी महिनाभर थांबवूनही रक्ताचे आकडे वर येत नसतील, तर रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला आणि अस्थिमज्जेची तपासणी लागते. क्वचित फुप्फुसाला सूज येते. नवा कोरडा खोकला आणि वाढती धाप हे त्याचे लक्षण.

इतर औषधांशी होणारा झगडा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन ही औषधे ओलापॅरिबचे रक्तातले प्रमाण खाली आणतात. उलट इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ते वर चढवतात. गजकर्णावर इट्राकोनॅझोलच्या गोळ्या इथे सर्रास दिल्या जातात, आणि त्वचेच्या डॉक्टरांना कर्करोगाच्या गोळीची कल्पनाही नसते. ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात. आपल्याकडचे पपनस त्याच कुळातले, तेही टाळलेले बरे. काढे आणि चूर्णे यांच्याबाबत श्रद्धेचा प्रश्न येतो, म्हणून अधिक काळजी हवी. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. पण पार्प औषध चालू असताना यकृत बिघडले तर नेमके कशाने बिघडले हे सांगणे अवघड होते, आणि गोळी थांबवावी लागते ती लागतेच. जे काही घेतले जाते ते सगळे डॉक्टरांना सांगितलेले असावे.

उपास करायचे का, हा प्रश्न श्रावणात आणि नवरात्रात हमखास येतो. गोळी पाण्याबरोबर चालते, त्यामुळे उपासासाठी गोळी सोडायचे कारण नाही. पण निर्जळी उपास, मळमळ आणि रिकामे पोट हे एकत्र आले की अशक्तपणा वाढतो. नऊ दिवस साबुदाण्यावर काढण्याऐवजी फळे, दूध, राजगिरा घेऊन एखादा दिवस पाळणे हा मधला मार्ग बहुतेक घरांत मान्य होतो.

अंडाशय काढल्याने रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगात अचानक उष्णता चढणे, रात्री घामाने जाग येणे, सांधे आखडणे, योनिमार्ग कोरडा पडणे, हाडे ठिसूळ होणे हे सगळे गोळीच्या त्रासात मिसळून जाते आणि गोळीच्याच खात्यावर जमा होते. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर वेगळे उपाय आहेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांच्या घनतेची तपासणी, कोरडेपणावर मलम, आणि काही जणींना डॉक्टरांच्या सल्ल्याने संप्रेरकेही देता येतात. शरीरसंबंधांचा विषय डॉक्टर स्वतःहून फारसा काढत नाहीत. तो रुग्णाने काढला तर त्यात गैर काहीच नाही.

मनाचे ओझे या सगळ्याहून वेगळे असते. केमोच्या काळात डबे येतात, नातेवाईक रांगेने भेटून जातात, सुट्टी मिळते. मेंटेनन्स सुरू होताच माणसे पांगतात. ‘आता बरी आहेस ना?’ या प्रश्नाला होय म्हणावे तर गोळी रोज आठवण करून देते, आणि नाही म्हणावे तर समोरच्याचा चेहरा उतरतो. त्यात दर तीन महिन्यांनी येते सीए-१२५ ची तपासणी. या आकड्याची सर्वसाधारण मर्यादा ३५ मानतात. तो १२ वरून १८ झाला की रात्रभर डोळा लागत नाही, जरी दोन्ही आकडे मर्यादेतच असले तरी. या चिंतेबाबत २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली एक चाचणी माहीत असावी. केमोनंतर रोग शमलेल्या स्त्रियांत फक्त सीए-१२५ वाढल्यावर लगेच उपचार सुरू करणे आणि लक्षणे दिसेपर्यंत थांबणे, यांत आयुष्याच्या लांबीत फरक पडला नाही. लवकर केमो सुरू केलेल्यांचे दिवस मात्र लवकर त्रासाचे झाले. ती चाचणी पार्प औषधांच्या आधीची आहे, आणि म्हणून तपासणी सोडून द्यावी असा तिचा अर्थ होत नाही. आकड्यात थोडा चढउतार झाला म्हणून त्याच आठवड्यात काही केले नाही तर सगळे हातचे जाईल, ही भीती मात्र तिने खोटी ठरवली आहे. भीती रोजच्या जगण्यात घुसू लागली, जेवण-झोप उडाली, कशातच रस वाटेनासा झाला तर कर्करोग रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. घरच्यांनी ‘सकारात्मक विचार कर’ म्हणण्यापेक्षा तपासणीच्या दिवशी सोबत जाणे जास्त उपयोगी पडते.

पैशाचा हिशेब सुरुवातीलाच मांडावा लागतो, कारण ही गोळी मध्येच पैशाअभावी बंद पडणे सर्वांत वाईट. आता ओलापॅरिब आणि निरापॅरिब भारतीय कंपन्यांचीही मिळतात आणि मूळ कंपनीच्या औषधापेक्षा ती बरीच स्वस्त पडतात. विमा असेल तर घरी घ्यायच्या गोळ्या त्यात बसतात का, हे पॉलिसी वाचून पाहावे. अनेक पॉलिसींत फक्त रुग्णालयातल्या खर्चाचा विचार असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कळते. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान सहाय्यता निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्था यांचे अर्ज रुग्णालयातला समाजसेवा विभाग भरून देतो. स्वस्तात मिळते म्हणून बिलाशिवाय औषध घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाची बनावट औषधे विकणारी टोळी पकडली होती. दिवाळी किंवा लांबच्या प्रवासाआधी पंधरा दिवसांचा साठा हातात असावा.

पहिल्या केमोनंतर सुरू केलेले ओलापॅरिब सहसा दोन वर्षांनी आणि निरापॅरिब तीन वर्षांनी थांबवतात. नको नको म्हणत घेतलेली गोळी बंद होताना अनेकींना आनंदाऐवजी धास्ती वाटते, जणू काही आधार काढून घेतला. पण ही मुदत चाचण्यांत तपासलेली आहे, आणि ती उगाच लांबवल्याने अस्थिमज्जेवरचा भार वाढतो. परतलेल्या रोगावर दुसऱ्यांदा केमो देऊन गोळी दिलेली असेल, तर ती रोग आटोक्यात असेपर्यंत चालू ठेवतात. गोळी चालू असतानाच रोग परतला, तर ती थांबवून पुन्हा केमोचा, कधी शस्त्रक्रियेचा विचार होतो. कोणते औषध निवडायचे हे आधीचा कार्बोप्लॅटिनचा डोस होऊन किती महिने झाले यावरही अवलंबून असते. गोळी मुदतीनंतर थांबलेली असली तर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचे असते. मधल्या काळात पोट फुगणे, भूक मंदावणे, शौचाच्या सवयी बदलणे किंवा वजन कारणाशिवाय घटणे यांतले काही दोन-तीन आठवडे टिकले, तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता डॉक्टरांना फोन करायचा.